जुनी ईक्यूएस ५८० की जुनी आयएक्स? सुरक्षिततेच्या बाजूने मत हवं आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. घरासाठी दोन-तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे आणि गाडी अखेर दोन नावांवर येऊन थांबली आहे: मर्सिडीजची ईक्यूएस ५८० आणि बीएमडब्ल्यूची आयएक्स. नव्या घेण्याची ऐपत नाही. ईक्यूएस २०२२ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम १ कोटी ५५ लाखांना होती, आयएक्स त्याआधी २०२१ च्या डिसेंबरात १ कोटी १६ लाखांना. पण वापरलेल्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव इतके उतरले आहेत की आता विचार करता येतो.

रेंज, पिकअप, स्क्रीन यांवर भरपूर वाचून झालं. माझा प्रश्न फक्त सुरक्षिततेचा आहे. गाडीत बहुतेक वेळा मागे आई-वडील असतील, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सुट्टीत बहिणीची चार वर्षांची मुलगी. रस्ता मुख्यतः सांगली-पुणे-मुंबई, म्हणजे रात्रीचे ट्रक, खंबाटकी, बोरघाट हे सगळं आलं. दोन्ही गाड्यांना युरो एनकॅपचे (युरोपातल्या धडक-चाचण्यांचे) पाच तारे आहेत, मग फरक कुठे शोधायचा?

---

टॉर्क

चांगला प्रश्न. आधी आकडे मांडतो, कारण या दोन गाड्यांची तुलना करणं एका कारणाने सोपं आहे. दोघींचेही निकाल डिसेंबर २०२१ मध्ये एकाच यादीत, एकाच नियमावलीखाली जाहीर झाले. नाहीतर लोक २०१७ चे पाच तारे आणि २०२३ चे पाच तारे शेजारी ठेवून भांडतात, आणि त्याला काही अर्थ नसतो. त्याच यादीत रेनॉच्या झोईला शून्य तारा मिळाला होता. तीच झोई २०१३ मध्ये पंचतारांकित होती.

ईक्यूएस: प्रौढ प्रवासी ९६%, मुलं ९१%, पादचारी-सायकलस्वार ७६%, मदतनीस यंत्रणा ८०%.
आयएक्स: प्रौढ ९१%, मुलं ८७%, पादचारी-सायकलस्वार ७३%, मदतनीस यंत्रणा ८१%.

कागदावर ईक्यूएस पुढे आहे. पण ९६ आणि ९१ मधला फरक म्हणजे एकात माणूस वाचतो आणि दुसरीत नाही, असं नव्हे. दोन्ही गाड्यांची पिंजऱ्यासारखी चौकट धडकेत टिकून राहते. गुण कमी-जास्त होतात ते छातीवर किती दाब आला, मान किती झटकली, समोरच्या गाडीला किती इजा झाली असल्या गोष्टींवरून.

शेवटची गोष्ट जरा उलगडून सांगतो. २०२० पासून युरो एनकॅपमध्ये समोरून होणाऱ्या धडकेत गाडी ताशी ५० किमीने आणि समोरून १४०० किलोची ट्रॉलीही ताशी ५० किमीने येते. तुमच्या दोन्ही गाड्या अडीच टनांच्या आसपास. एवढं वजन असल्यावर आतल्या माणसाला फायदा होतो आणि समोरच्याची वाट लागते. म्हणून गाडीचा पुढचा भाग समोरच्यावर किती निर्दयपणे आदळतो हेही मोजतात आणि गुण कापतात. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. आपल्या रस्त्यावर समोर बहुतेकदा नऊशे किलोची हॅचबॅक किंवा दुचाकी असते.

---

अनघा_ठाणे

कृष्णाकाठ, मागे आई-वडील बसणार असं तुम्ही लिहिलंत, म्हणून पहिला मुद्दा तोच घेते. गाडी कुठलीही घ्या, मागचा पट्टा लागला नाही तर वरचे सगळे टक्के व्यर्थ आहेत.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी आणि मजबूत होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं तपासात पुढे आलं. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे लावले आणि मग पुन्हा जैसे थे. मागच्या प्रवाशाने पट्टा न लावल्यास दंड हजार रुपये आहे, पण आमच्या घरात अजूनही "मागे कशाला गं?" हेच ऐकू येतं.

आई नेसते नऊवारी नाही, साधीच पाचवारी. तिची तक्रार असायची की पट्टा पोटात रुततो. नीट पाहिलं तर पट्टा निऱ्यांच्या खोच्यावरून, म्हणजे ऐन पोटावरून जात होता. तो खाली ओढून निऱ्यांच्या खालून, मांडीच्या सांध्यालगत कमरेच्या हाडावर बसवला आणि खांद्याचा भाग पदराखालून घेतला, तेव्हापासून ती कुरकुर बंद झाली. हे फक्त आरामाचं नाही. पोटावरचा पट्टा धडकेत आतड्यांना आणि प्लीहेला इजा करतो, हाडावरचा पट्टा माणसाला धरून ठेवतो.

अजून एक. ईक्यूएसमध्ये काही गाड्यांना मागची सीट कलती करायची सोय असते. वडील त्यात झोपले की कमरेचा पट्टा वर सरकतो आणि धडक झाली तर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. चालत्या गाडीत पाठ सरळच हवी, हे घरात पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

---

बोरघाट

अनघाताई, +१. निऱ्यांचा मुद्दा कुठल्याच परीक्षणात वाचला नव्हता. आज घरी सांगतो.

---

चाकण_लाइन

मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या बॉडीच्या कामात आहे. (ईक्यूएस ५८० ची भारतातली जुळणी चाकणलाच झाली, आयएक्स आयात होऊन येते.) थोडं आतलं सांगतो.

दोघींच्या बांधणीची तऱ्हा वेगळी आहे. आयएक्समध्ये ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला दारांच्या चौकटीभोवती आणि छताला कार्बन फायबरचे भाग जोडले आहेत. ताकद उत्तम, वजन कमी. पण अपघातानंतर अशा भागाची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमत नाही. ठोकून सरळ करायची वस्तूच नाही ती. जुनी आयएक्स घेताना दाराची रबरं खाली ओढून चौकटीच्या कडा बघा. रंगाचा थर, सीलंट, कुठे वेगळा पोत दिसला तर तिथेच थांबा.

ईक्यूएसमध्ये हायपरस्क्रीन, म्हणजे डॅशबोर्डभर पसरलेला काचेचा पडदा, असेल तर ती काच १४१ सेंमी रुंद आहे. लोक विचारतात की धडकेत ही काच तोंडावर येणार का. तिच्या मागच्या आधारात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आहे आणि बाजूच्या एसी झरोक्यांजवळ मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या जागा आहेत. डोकं आपटलं तर तो भाग मागे सरकतो. आणि ड्रायव्हर शेजाऱ्याच्या पडद्याकडे बघायला लागला की कॅमेऱ्याच्या मदतीने तिथलं हलतं चित्र मंद होतं. मोठ्या पडद्यांचा मी चाहता नाही, पण एवढं काम मनापासून केलेलं आहे हे मान्य करावं लागतं.

मधली एअरबॅग दोघींतही आहे. बाजूने धडक बसली की पुढच्या दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात, ती अडवायला सीटच्या आतल्या बाजूने ती फुगते. म्हणून हात जोडून सांगतो, सीट कव्हर घालू नका. आपल्याकडे दीड कोटीच्या गाडीलाही पहिल्या आठवड्यात लेदर कव्हर चढतं. बाजूची आणि मधली एअरबॅग सीटच्या शिवणीतून बाहेर येते. त्या शिवणीवर वरून जाड कव्हर शिवलं की ती उशिरा किंवा वाकडी उघडते.

मर्सिडीजच्या बाजूने एक खास गोष्ट. प्री-सेफ नावाची यंत्रणा २००२ पासून त्यांच्याकडे आहे. धडक अटळ दिसली की पट्टे आवळले जातात. नंतर त्यात आवाजाची सोय आली. धडकेच्या क्षणभर आधी गाडी स्पीकरमधून एक खरखरीत आवाज सोडते, त्याने कानातला छोटा स्नायू आपोआप आखडतो आणि एअरबॅगच्या स्फोटाचा दणका आतल्या कानापर्यंत कमी पोचतो. वयस्कर माणसांच्या कानांचा विचार केला तर हे मला मोलाचं वाटतं.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

फारच उपयोगी. आमच्याकडे सीट कव्हरची ऑर्डर द्यायची चर्चा आधीच सुरू झाली होती, ती रद्द.

अपघात झाल्यावर बाहेर पडण्याचं काय? दोन्ही गाड्यांची हँडलं दारात सपाट बसवलेली आहेत. वीज गेली तर दार उघडणार का, ही भीती आईच्या मनात पक्की बसली आहे.

---

चाकण_लाइन

आईंची भीती रास्त आहे. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या २०२१ च्या मॉडेल वाय गाड्यांची याच कारणासाठी चौकशी सुरू केली. बाहेरची हँडलं चालेनाशी झाली आणि मुलं आत अडकली अशा तक्रारी होत्या. युरो एनकॅपच्या २०२६ च्या नियमावलीतही धडकेनंतर विजेची हँडलं चालू राहिली पाहिजेत अशी अट आली आहे. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या नियमांवर तपासलेल्या आहेत, हे लक्षात ठेवा.

आयएक्समध्ये आतून दार उघडायला बटण आहे. वीज गेली तर दाराच्या आतल्या अंगाला खालच्या बाजूला ओढायची यांत्रिक खिट्टी आहे. विक्रेत्यासमोरच आई-वडिलांना मागच्या सीटवर बसवा आणि दोघांना डोळे मिटून ती खिट्टी शोधून दार उघडायला सांगा. ईक्यूएसमध्येही हेच करा. हँडल हाताला कसं लागतं, किती जोर पडतो. गुडघे-मनगटं दुखणाऱ्या माणसाला जे जमतं तेच खरं.

ही सगळी दारं-कुलुपं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात, गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरी पॅकवर नाही. जुन्या गाडीत ती दुर्लक्षित असते. घेतल्यावर लगेच तपासा, शंका असेल तर बदला.

काचांचंही बघा. आवाज अडवायला बाजूच्या काचा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या) असतील तर लोक गाडीत ठेवतात त्या छोट्या हातोडीने त्या फुटत नाहीत, नुसत्या तडकतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लॅमिनेटेड की टेम्पर्ड ते छापलेलं असतं. कुठली काच फुटू शकते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

---

विदर्भ_एक्सप्रेस

दाराच्या मुद्द्याला जोड देतो. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. ती डिझेलची बस होती, इलेक्ट्रिकशी तिचा संबंध नाही. पण बस ज्या कुशीवर पडली त्याच बाजूला दार होतं. मी त्या रस्त्याने कायम जातो आणि तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसलो की आधी बाहेरचा दुसरा रस्ता बघतो.

माझं म्हणणं मात्र टायरबद्दल आहे. समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा, काँक्रीट, मे महिन्याचं ऊन आणि अडीच टनांची गाडी. या गाड्यांचे मूळ टायर जास्त भार पेलणारे असतात. पहिल्या मालकाने बदलताना "साइज तोच आहे" म्हणून कमी भारांकाचे स्वस्त टायर टाकले असतील तर पाच तारे तिथेच संपले. टायरच्या कडेवर साइजनंतर येणारा आकडा दारातल्या स्टिकरशी ताडून बघा, चारही टायरचा. उत्पादनाचा आठवडा-वर्ष सांगणारे चार अंकही वाचा. नक्षी खोल दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर मी या रस्त्यावर वापरणार नाही.

---

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत ईक्यूएस रोज दिसते, म्हणून एक गैरसमज दूर करतो. भारतातले काही विक्रेते "ही लेव्हल थ्री गाडी आहे", म्हणजे काही वेळ स्वतःच चालते, असं सांगतात म्हणे. ड्राइव्ह पायलट नावाची ती यंत्रणा ईक्यूएसला मे २०२२ पासून जर्मनीत मिळू लागली. ती फक्त ऑटोबानच्या ठरावीक भागांवर, सुरुवातीला ताशी ६० पर्यंत, म्हणजे वाहतूक तुंबलेली असतानाच चालायची. भारतातल्या गाडीत ती नाही. तिथे दोन्ही गाड्या लेव्हल टू, म्हणजे नजर रस्त्यावर आणि जबाबदारी पूर्णपणे तुमची.

या यंत्रणा पांढऱ्या पट्ट्यांवर आणि रडारवर जगतात. सुट्टीत आलो की पुणे-सातारा रस्त्यावर मी लेन मदत बंदच ठेवतो, कारण पट्टे मध्येच गायब होतात, वळणरस्ते येतात आणि चाक हातात अचानक खेचलं जातं. आपत्कालीन ब्रेक मात्र कधीही बंद करू नये. त्याच्या युरो एनकॅप चाचण्या ताशी ८० किमीपर्यंतच्या वेगाच्या असतात. शंभरने जाताना अंधारात लेनमध्ये उभा असलेला बिनदिव्याचा ट्रक तो हमखास ओळखेल, असं धरून चालू नका.

आयएक्सचे कॅमेरा आणि रडार पुढच्या जाळीत बसवलेले आहेत. त्या जाळीवरचे बारीक ओरखडे आपोआप भरून निघतात. पण पुढचा भाग कधी बदलला असेल तर सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, अधिकृत ठिकाणी झालं का, हे कागदावर मागा. अर्ध्या अंशाने तिरका रडार शंभर मीटरवर जवळजवळ मीटरभर चुकतो.

---

टॉर्क

श्टुटगार्टकर, उभ्या ट्रकचा मुद्दा लाखमोलाचा. युरो एनकॅपमध्ये ट्रेलरच्या शेपटाखाली घुसण्याची चाचणी नाही. तिथे बॉनेट खालून जातं आणि धडक थेट काचेच्या उंचीवर बसते. त्याला उपाय दोनच: वेग आणि दिवे. ईक्यूएसचे डिजिटल लाइट, प्रत्येक दिव्यात १३ लाख सूक्ष्म आरसे, समोरच्याच्या डोळ्यांवर न पाडता लांबवर प्रकाश टाकतात. तुम्ही बघताय त्या गाडीत ते आहेत का, आणि आयएक्समध्ये कुठले दिवे आहेत, हे रात्री शहराबाहेर काढून बघा. दुपारी टेस्ट ड्राइव्ह घेऊन हे कळणार नाही.

---

सोसायटी_सचिव

पुण्यातल्या एका सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे बेसमेंटमध्ये चार्जर बसवण्यावरून वाद चालू आहे. १ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण कोरियातल्या इंचॉनला तळघरात उभी असलेली मर्सिडीज ईक्यूई पेटली आणि शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. ती चार्जही होत नव्हती. मग अशा गाड्या खाली येऊ द्यायच्या की नाही?

---

चाकण_लाइन

सचिवसाहेब, त्या आगीत शिकण्यासारखं सर्वांत मोठं म्हणजे तिथले स्प्रिंकलर. धोक्याची सूचना वाजल्यावर कर्मचाऱ्याने ते बंद केले होते. पाणी वेळेवर पडतं तर आग एवढी पसरली नसती. गाड्यांना बंदी घालण्याआधी आपल्या बेसमेंटचे स्प्रिंकलर, पंप आणि पाण्याची टाकी एकदा खरोखर चालवून बघा. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक सोसायट्यांत ते कागदावरच असतात.

आपल्याकडे एआयएस-०३८ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षा मानकाच्या सुधारित नियमात बॅटरीतल्या एका सेलने पेट घेतला तर प्रवाशांना बाहेर पडायला किमान पाच मिनिटं मिळतील अशी सूचना गाडीने दिली पाहिजे, असं आहे. पाच मिनिटांत तरुण माणूस सामान घेऊनसुद्धा उतरतो. सत्तरीच्या दोघांना आणि चाइल्ड सीटमधल्या पोरीला उतरवायला तेवढी लागतातच. म्हणून सूचना आली की सामान नाही, फोन नाही, आधी माणसं.

जुन्या गाडीत बॅटरीचा पोटाकडचा भाग लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ईक्यूएस बुटकी आहे. एअर सस्पेन्शनने वर उचलता येते, पण प्रत्येक गतिरोधकाला कोण बटण दाबतो? खालच्या पत्र्याला नुसते ओरखडे असतील तर चालतं. खोलगट चेप असेल तर पॅकची अधिकृत तपासणी झालीच पाहिजे. आणि पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. मुंबईतली, त्यातही खाडीकाठच्या भागातली गाडी असेल तर पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभरावर चिखलाची रेघ आहे का बघा. धुणारे सगळं धुतात, तो भाग विसरतात.

---

गाडीवेडा_नाशिक

एक वेगळी सूचना, राग नसावा. एवढ्या पैशात जुनी परदेशी गाडी कशाला? महिंद्राची एक्सईव्ही ९ई नवी कोरी घ्या. भारत एनकॅपमध्ये प्रौढांसाठी ३२ पैकी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४५ गुण आहेत. वॉरंटी पूर्ण, सर्व्हिस सांगलीत.

---

टॉर्क

राग कसला, सूचना विचार करण्यासारखी आहे. फक्त भारत एनकॅपचे गुण युरो एनकॅपच्या टक्क्यांशेजारी ठेवू नका. चाचण्या वेगळ्या, मोजणी वेगळी. पण नवी गाडी म्हणजे न फुगलेल्या एअरबॅग, न ठोकलेली बॉडी आणि ताजे टायर, हा तुमचा मुद्दा मला पटतो. जुन्या ईक्यूएसचा इतिहास धुरकट निघाला तर मीही तिकडेच वळेन.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आई-वडिलांना घेऊन पुण्याला दोन्ही गाड्या बघून आलो.

ईक्यूएसमध्ये वडिलांना खाली वाकून बसावं लागलं आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागला. ती गाडी अपघातमुक्त असल्याचं सांगत होते, पण इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. निरोगी गाडीत तो काही क्षण लागून मग विझायला हवा. विक्रेता म्हणाला, बल्ब गेला असेल. मी नम्रपणे किल्ली परत दिली.

आयएक्समध्ये आई सहज चढली. मागची यांत्रिक खिट्टी तिने डोळे मिटून शोधली, पहिल्यांदा जोर कमी पडला, दुसऱ्यांदा दार उघडलं. नंतर तिने स्वतःहून दुसऱ्या बाजूला बसून तिकडचंही उघडून बघितलं. निऱ्यांखालून पट्टा घेतला, "आता रुतत नाही" म्हणाली. रात्री कात्रजच्या पुढे नेऊन दिवे पाहिले, समाधान झालं. सर्व्हिसचे कागद चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपकडून काढले, पुढच्या बंपरचं काम एकदा झालेलं आहे. कॅलिब्रेशनचा कागद मागितला आहे, तो आल्याशिवाय टोकन देणार नाही.

मागचे दोन टायर वेगळ्या कंपनीचे आणि भारांक कमी आहे. विदर्भ_एक्सप्रेस, ते बदलायचे तर चारही एकदम घ्यावेत का?

---

विदर्भ_एक्सप्रेस

चारही. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, पुढे-मागे वेगळी घसरण नको. किमतीत ते पैसे वळते करून मागा, देतील. आणि आईंना नमस्कार सांगा.

---

अनघा_ठाणे

भाचीच्या सीटचं राहिलं. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, कडे मागच्या सीटच्या फटीत आहेत, तिथेच तिची सीट अडकवा. पुढे बसवायचा हट्ट धरला तरी नाही. आणि आधी तिची सीट बसवून घ्या, मग उरलेल्या जागेत दोन्ही आजी-आजोबांचे पट्टे नीट अडकतात का ते टोकन द्यायच्या आत बघा. चाइल्ड सीटच्या शेजारचं बकल अनेकदा तिच्याखाली दबतं आणि मग मधला माणूस पट्ट्याविनाच बसतो.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

हे डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी बहिणीकडून सीट घेऊन जातो आणि तिघांनाही बसवून बघतो. कळवतो इथेच.